या वेळी चिकन कच्चं राहिलं नाही

सोमवार, सकाळचे साडेसात. स्वेटर, स्कार्फ, केस, सगळ्याला धुराचा वास. केस रात्रीच धुणार होते पण पेपरात निफाडचा पारा वाचला तरी हुडहुडी भरते, धुतायत कुठले. पण झाली बाबा कोळशावर भाजायची पार्टी, आणि चांगली झाली, हे आज लिहून ठेवते कारण मागच्या वर्षीची आठवण काढून भावजी अजून चिडवतात.

मागच्या वर्षी काय झालं होतं तर ज्वाळा दिसल्या की लगेच सळया ठेवल्या, वरून काळंकुट्ट आणि आत गुलाबी, शिवाय कोळसा पेटेना म्हणून कुणीतरी रॉकेल ओतलेलं, त्याचा वास पनीरलासुद्धा. शेवटी 9 वाजता मिसळ मागवली. नाशिकमधे पाहुण्यांना रात्री मिसळ!

या वेळी शनिवार टाळला, भावजी शनिवार धरतात. रविवार ठरला, 14 मोठे आणि 4 पोरं. 3 किलो चिकन, एक किलो पनीर, कणसं, भरताची वांगी. कोळसा वखारीतून बाभळीचा आणला, 5 किलो. नवरा कुठूनशी जीआयची, म्हणजे जस्त चढवलेल्या लोखंडाची जाळी घेऊन आला होता, ती परत पाठवली, तापली की त्यावरच्या जस्ताचा धूर होतो आणि तो अन्नाला नको. साधी लोखंडी जाळी वेल्डिंगवाल्याकडून कापून घेतली, झालं काम.

चिकनला चक्का, आलं-लसूण, तिखट, मीठ, मोहरीचं तेल, सगळं सकाळीच लावून ठेवलं. कच्ची पपई मात्र शेवटच्या तासाला, किलोला एक चमचा, कारण एकदा रात्रभर ठेवली होती तर चिकनचा लगदा झालेला, सळईला टोचलं की गळून पडायचं. पनीरला पपई लावायची नसते हे जाऊबाईंना तीनदा सांगावं लागलं (त्यांचं तरी काय चुकलं म्हणा, भांडी सारखीच).

आता मेन गोष्ट म्हणजे विस्तव. मामांची पिंपळगावला द्राक्षबाग आहे, ऑक्टोबर छाटणीच्या काड्या आता खडखडीत वाळल्यात, त्यांनी गोणभर दिल्या. त्या फक्त पेटवायला हं, बागेत फवारे काय काय मारलेले असतात, त्यांच्यावर भाजायचं नाही. काड्या, नारळाच्या शेंड्या, चार वड्या कापूर, वर कोळसा. सहाला पेटवलं, सव्वासहाला सूर्य बुडाला आणि सगळे जाळीभोवती हात शेकत उभे, झालं का झालं का सुरू. मी म्हटलं नाही. आई सूप घेऊन वारा घालत बसल्या होत्या, त्यांनी तर चिमटाच काढून घेतला भावजींच्या हातातून, "अरे हुरडा भाजताना गवऱ्यांची आर होईपर्यंत थांबता ना, मग इथं कसली घाई?" पावणेसातला कोळशावर राखाडी साय धरली, ज्वाळा गेल्या, तेव्हा कुठे सळया टाकल्या.

आणि निखारे सगळीकडे सारखे पसरले नाहीत, एका बाजूला ढीग, दुसरी बाजू जवळजवळ रिकामी. आधी ढिगावर रंग आणायचा आणि मग रिकाम्या बाजूला सरकवून वर पातेलं उपडं घालायचं, आतपर्यंत शिजतं. चरबी निखाऱ्यात ठिबकून भडका उडाला तरी पाणी मारायचं नाही, राख उडून सगळी चिकनवर बसते, सळया बाजूला घ्यायच्या बस. लेगपीस तरी मी प्रत्येक वेळी हाडाजवळ चिरून बघितलाच, विश्वास नाही अजून.

व्हेजवाल्यांसाठी आईंची जुनी शेगडी वेगळी, चिमटा वेगळा, त्याला लाल दोरा बांधलेला. शेजारच्या काकू नको नको म्हणत आल्या, लाल दोरा बघितला आणि खुर्ची ओढून बसल्या, मग दोन कणसं आणि भरीत-भाकरी. वांग्यांना आधी टोचे मारायला मात्र मी विसरले, एक फाट्कन फुटलं, पोरं जाम खूश. कुणीतरी वाइन आणली होती, नाशिक म्हटल्यावर ती येतेच, पण थंडीत सगळ्यांनी चहाच मागितला आणि तो चार वेळा झाला.

सगळे साडेदहाला गेले. मला वाटतं मी उभ्या उभ्या दोन पनीरचे तुकडे खाल्ले असतील, तेही गार.

आत्ता राख भरायला मागे गेले, म्हटलं पिशवीत भरायच्या आधी पूर्ण विझलीय का बघावं, बरं झालं बघितलं, खाली अजून ऊब होती. चिमट्याने उकरलं तर एक रताळं निघालं. आईंनी कधी पुरलं कुणास ठाऊक. साल कोळसा झालेली पण आत अगदी हलव्यासारखं, चहा घेऊन पायरीवर बसले आणि पूर्ण खाल्लं, कुणाला हाक नाही मारली.