सेल भरलेला, तरी टॉर्च लुकलुकतो

नारळी पौर्णिमा झाली की होड्या पुन्हा खाडीत उतरतात आणि बेलापूरच्या माझ्या दुरुस्तीच्या दुकानात दिवाळे कोळीवाड्यातली गिऱ्हाइकं वाढतात. यंदा त्यात एक काका होते. हातात ॲल्युमिनियमचा एलईडी टॉर्च.

"भाऊ, ऐन जाळं ओढताना लुकलुकतो आणि विझतो. समोरून बार्ज येत असला तर त्याला दाखवायचं काय?"

ते ऐकून मी हातातला मिक्सर बाजूला ठेवला.

काकांनी सेल दोनदा बदलून पाहिले होते. त्यातल्या एकावर ९९०० एमएएच (सेलमध्ये किती वीज साठते त्याचं माप) छापलेलं. १८६५० मापाचा, म्हणजे १८ मिलिमीटर जाड आणि ६५ मिलिमीटर लांब असा चांगल्यातला चांगला सेलसुद्धा ३५००-४००० च्या आसपासच थांबतो. रात्री खाडीत जाणाऱ्या माणसाच्या गळ्यात असा माल मारणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो. दुसरा सेल मात्र अस्सल होता. मीटरवर ४.१ व्होल्ट, म्हणजे जवळजवळ पूर्ण भरलेला. पण टॉर्चबाहेर, नुसत्या सेलवर मोजलेल्या आकड्यावर मी विसंबत नाही. नळ बंद असताना चोंदलेल्या पाइपातही पाण्याचा दाब पुरा दिसतो. खरं काय ते नळ सोडल्यावरच कळतं.

काका जाता जाता एक गोष्ट बोलून गेले होते : "मागून जरा गरम लागतो." एलईडी पुढे असतो, त्यामुळे टॉर्च तापला तर पुढून तापायला हवा. मागे ऊब येते म्हणजे तिथे वीज वाया जाते आहे.

मागचं झाकण काढलं. सेलच्या मागच्या टोकापासून नळीच्या उघड्या कडेला जाड वायर टेकवली. लख्ख उजेड, जराही हालचाल नाही. एलईडी, त्याला बेताची वीज पुरवणारं सर्किट म्हणजे ड्रायव्हर, आणि सेल सगळे सुटले, दोष झाकणातच. आता ते झाकण वायरींनी सर्किटमध्ये बाहेरूनच जोडलं, टॉर्च चालू ठेवला आणि मीटर व्होल्टवर लावून टप्प्याटप्प्याने मोजत गेलो. ओहमवर मोजून इथे भागत नाही, कारण मीटरच्या स्वतःच्या वायरींचाच अवरोध पॉइंट दोन-तीन ओहम भरतो. स्प्रिंगवर काही नाही. स्विचच्या दोन पायांमध्ये किरकोळ. स्विचला धरून ठेवणारी आट्यांची पितळी रिंग आणि झाकणाची भिंत यांच्यामध्ये मात्र तब्बल ०.८ व्होल्ट!

करंट दोन अँपिअर, म्हणजे दीड वॅटहून जास्त उष्णता त्या आट्यांतच मुरत होती. टॉर्च चालू असताना सेल ३.९ व्होल्ट देत होता, ड्रायव्हरला मिळत होते ३.१. होडीत हादरा बसला की तेही घसरायचे, आणि तीनच्या आसपास आलं की ड्रायव्हर सेल संपला असं समजून लुकलुकायला लागायचा. भरलेला सेल आत असताना!

रिंगच्या दोन खाचांत चिमटा घालून ती फिरवली. आट्यांतून पांढरी भुकटी टेबलावर पडली. खाऱ्या पाण्यात पितळ आणि ॲल्युमिनियम एकमेकांना लागून राहिले की ॲल्युमिनियम झिजतं आणि त्याचा हा पांढरा गंज विजेला अडवतो. टूथब्रश, आयपीए (आयसोप्रोपिल अल्कोहोल), मग बारीक पॉलिश पेपर, असं करत चकचकीत धातू दिसेपर्यंत घासलं. नळीची कडही घासली. टॉर्चच्या रंगीत ॲनोडाइज्ड थरातून वीज जात नाही, ती अशा उघड्या जागांवरच अवलंबून असते. मग रिंग घट्ट आवळली, झाकणाच्या आट्यांना आणि पाणी अडवणाऱ्या रबरी ओ-रिंगला सिलिकॉन ग्रीसचं पातळ बोट फिरवलं. पुन्हा मोजलं तर ०.०५ च्या आत.

काकांना सांगितलं, खाडीवरून आलात की झाकण न उघडता गोड्या पाण्याने धुवा, पुसा, आणि महिन्यातून एकदा आटे साफ करून ग्रीस लावा. ९९०० वाला सेल मी ठेवून घेतला, तो परत होडीत जाऊ द्यायचा नव्हता.

पुढच्या आठवड्यात कोळीवाड्यातले आणखी दोघे आपापले टॉर्च घेऊन आले. एकात तोच पांढरा गंज होता. दुसऱ्याचा स्विच जळाला होता, तो बदलून दिला.