नाव नसलेल्या दोन ओळी

तीन आठवडे झाले, तो मंगळवार डोक्यातून जात नाही.

कॅलिफोर्नियातल्या ओकलंडमध्ये शाळा सुटल्यावर कृष्णवर्णीय मुलांसाठी नेतृत्वाचा आणि वारशाचा वर्ग भरतो, तिथे मी काम करते. नेतृत्व म्हणजे भाषणं, असं बाहेरच्यांना वाटतं. आमच्याकडे सगळ्यात महत्त्वाचा असतो शेवटचा अर्धा तास. मुलं गोल करून उभी राहतात, मधे झाडाची कुंडी. एकेकाने आपल्या पूर्वजाचं नाव घ्यायचं, कुंडीत पाणी घालायचं, बाकीच्यांनी ‘आशे’ म्हणायचं. योरुबातला शब्द, आपल्या ‘तथास्तु’च्या जवळचा. हे सगळं चालवतात ते एक निवृत्त बसचालक. मुलं त्यांना ‘बाबा’ म्हणतात. स्वाहिलीतही बाबा म्हणजे वडीलच.

वंशावळी माझ्याकडे, आणि ते काम मी जीव लावून करते. आमच्या बऱ्याच मुलांची घराणी दुसऱ्या महायुद्धात इथल्या जवळच्या रिचमंडच्या जहाजबांधणी कारखान्यांत कामाला म्हणून लुइझियाना, टेक्सासहून इकडे आली. तिथून जनगणनेच्या नोंदी धरत एकेक दशक मागे जायचं. 1890 ची कागदपत्रं जवळजवळ सगळी नष्ट झालेली, तिथे एकदम वीस वर्षांची उडी. आणि 1870 ला भिंत लागते. त्याआधीच्या, 1850 आणि 1860 च्या जनगणनेत गुलामांचे तक्ते वेगळे. मालकाचं नाव पूर्ण, वळणदार अक्षरात. त्याखाली नुसतं वय, लिंग, रंग. नावाचा रकानाच नाही.

तो मुलगा नववीतला. आजीजवळ राहतो, बोलतो कमी. त्याचा पूर्वज आम्हाला 1870 च्या यादीत सापडला: वय 24, शेतमजूर, लिहिता-वाचता येत नाही. त्याच पानावर, चार घरं सोडून, त्याच आडनावाचा गोरा जमीनदार. मी तिथेच थांबायला हवं होतं. मुक्त झालेल्या सगळ्यांनीच मालकाचं आडनाव लावलं असं नाही. हा अंदाज असतो, पुरावा नव्हे. दुसऱ्या कुणी असं केलं असतं तर मीच टोकलं असतं. पण हाताला धागा लागल्याचा आनंद मला आवरला नाही. 1860 चा तक्ता उघडून दिला. त्या जमीनदाराखाली, एकाखाली एक, दोन ओळी. पुरुष, 14, काळा. पुरुष, 14, काळा.

“यातला माझा कोणता, मिस?”

मला सांगता येईना. ‘कदाचित दोघांपैकी कोणीच नाही,’ हे तर तोंडातून निघालंच नाही.

गोलात त्याची पाळी आली तेव्हा त्याने घडी घातलेला कागद उघडला आणि दोन्ही ओळी वाचल्या. दोनदा पाणी घातलं. कोणी काही बोलेना. नावच नाही तर ‘आशे’ कशाला म्हणायचं, हे मुलांना कळत नव्हतं. बाबा पुढे झाले, मोठ्याने म्हणाले, मग सगळ्यांनी म्हटलं. ते नसते तर मी नुसती उभी राहिले असते.

माझ्या घराण्याची नावं नाशिकच्या उपाध्यांच्या वहीत आहेत, पणजोबांच्याही पलीकडची. वर्गाच्या पहिल्या दिवशी हे मी मुलांना कौतुकाने सांगितलं होतं. त्या मंगळवारी खुर्च्या उचलताना बाबांनी विचारलं, “तुझ्या त्या वहीत सगळ्यांची नावं लिहीत असत का?” त्याच नाशिकमध्ये 1930 साली काळाराम मंदिरात पाऊल टाकण्यासाठी सत्याग्रह करावा लागला, हे मी त्यांना सांगितलं. ज्यांना दारातच अडवलं, त्यांची नावं उपाध्ये कशाला लिहून ठेवतील? बाबा बराच वेळ काही बोलले नाहीत.

अनुदान देणाऱ्यांच्या अर्जात तीन रकाने आहेत: हजेरी, गुण, शाळेतून निलंबन. त्या मंगळवारचं मी काय भरू? फेब्रुवारीत, म्हणजे कृष्णवर्णीयांच्या इतिहासाच्या महिन्यात, फोटो काढायला येणारे बाकीचे अकरा महिने फिरकत नाहीत, याचाही मला संताप येतो. मुलं इथे मार्चमध्येही असतात.

पुढचे दोन मंगळवार तो आला नाही. दोनदा त्याच्या नावासमोर गैरहजेरीची खूण केली. काल शेवटी आजीला फोन लावला. तो बरा आहे, मंगळवारी बास्केटबॉलचा सराव सुरू झालाय, म्हणाल्या. मी ठेवणार तेवढ्यात त्यांनीच विचारलं, “ते 1870 चं पान मोठ्या अक्षरात छापून मिळेल का? मला चष्म्यानेही वाचता येत नाहीये.”