तुम्ही विचारलंत म्हणून: 1912 चा सीझन हार्वर्डचा की कार्लाइलचा?

जुन्या अमेरिकन कॉलेज फुटबॉलचा विषय निघाला की मी फिरून फिरून 1912 वर येते, आणि मग ज्यांना थोडाफार इतिहास माहितीये ते हमखास विचारतात की अहो त्या वर्षी हार्वर्ड नऊच्या नऊ मॅच जिंकलं, येलला त्यांच्या घरी जाऊन 20-0 हरवून आलं, मग तुमचं सारखं कार्लाइल कार्लाइल काय चाललेलं असतं? हार्वर्डची टीम जबरदस्त होती, वादच नाही. तरी मला विचाराल तर तो सीझन कार्लाइलचाच.

मुळात कार्लाइल हे कॉलेजच नव्हतं. पेनसिल्व्हेनियात लष्कराच्या जुन्या बराकींमध्ये 1879 साली सुरू झालेली सरकारी निवासी शाळा, कार्लाइल इंडियन इंडस्ट्रियल स्कूल. देशभरातल्या मूळ रहिवासी जमातींमधली पोरं घरापासून तोडून तिथे आणायची, आल्या आल्या केस कापायचे, नाव बदलायचं, स्वतःची भाषा बोलायला बंदी. शाळा काढणारा रिचर्ड प्रॅट तर भाषणात उघड म्हणाला होता की यांच्यातला इंडियन (म्हणजे अमेरिकेचा मूळ रहिवासी) मारा आणि माणूस वाचवा. कितीतरी मुलं तिथेच आजारी पडून गेली, त्यांची थडगी अजून आहेत तिथे, आणि 2017 पासून काहींचे अवशेष त्यांच्या जमाती परत घरी नेतायत. हे सगळं बाजूला ठेवून नुसते स्कोअर वाचता येत नाहीत मला.

आता स्कोअर. चौदा मॅचेस, बारा जिंकल्या, एक हरली, एक 0-0. एकूण पॉइंट 504, त्या वर्षी देशात सगळ्यात जास्त. सुरुवातीच्या सोप्या मॅचेस झाल्या की ही टीम सतत ट्रेनमध्ये, कारण मोठ्या स्टेडियममध्ये तिकिटांचा पैसा मिळायचा आणि तो शाळेला हवा असायचा. 26 ऑक्टोबरला शनिवारी वॉशिंग्टनमध्ये जॉर्जटाऊनला 34-20 हरवलं, आणि सोमवारी हीच पोरं कॅनडात, टोरोंटोविरुद्ध, त्यात काही खेळ तिकडच्या रग्बीच्या नियमांनी, तरी 49-1! कोणत्या टीमने असं केलं असतं सांगा.

त्याच वर्षी नियमही बदलले होते. बॉल दहा यार्ड पुढे न्यायला तीनऐवजी चार डाऊन म्हणजे प्रयत्न, टचडाऊनला (बॉल समोरच्याच्या गोलरेषेपलीकडे नेला की) पाचऐवजी सहा पॉइंट, आणि फॉरवर्ड पास, म्हणजे पुढच्या दिशेने फेकलेला बॉल, वीस यार्डांपलीकडे टाकायचा नाही ही अट गेली. तोवर खेळ म्हणजे वजनदार पोरांनी एकमेकांवर रेटारेटी करायची, 1905 मध्ये तर इतकी पोरं मेली की प्रेसिडेंट रूझवेल्टने मोठ्या कॉलेजांच्या लोकांना व्हाइट हाऊसमध्ये बोलावून घेतलं. कार्लाइलची पोरं अंगाने हलकी, त्यामुळे वेग, हुलकावणी आणि पास यांवर त्यांचा खेळ आधीपासूनच उभा होता, 1907 मध्येच त्यांनी पासचा असा वापर करून दाखवला होता की बाकीचे बघत राहिले. नवे नियम आले तेव्हा इतरांना जे शिकायचं होतं ते यांच्या अंगात मुरलेलं होतं.

आणि मग 9 नोव्हेंबर, वेस्ट पॉइंट, समोर आर्मी, म्हणजे तिथल्या लष्करी अकादमीची टीम. अमेरिकन सैन्याने मूळ रहिवाशांना मारलं त्या वुंडेड नीच्या हत्याकांडाला जेमतेम बावीस वर्षं झालेली, म्हणजे यांच्या आईबापांवर ज्या सैन्याने बंदुका रोखल्या त्याच सैन्याचे होणारे अधिकारी समोर उभे. कार्लाइलचा कोच पॉप वॉर्नरने मॅचआधी याची आठवण करून दिली म्हणतात, पण मला नाही वाटत त्या पोरांना कोणी आठवण करून द्यायची गरज होती. पहिला टचडाऊन आर्मीचा, 6-0. मग कार्लाइलने आपली डबल विंग रचना काढली, म्हणजे मागे उभे राहणारे दोन खेळाडू (बॅक) दोन्ही कडांना पुढच्या रांगेला खेटून उभे, बॉल नक्की कोणाकडे जाणार ते समोरच्याला कळेचना. सगळ्यांची नजर कार्लाइलच्या जिम थॉर्पवर, कारण त्याच उन्हाळ्यात तो स्टॉकहोम ऑलिंपिकमधून डेकॅथलॉन आणि पेंटॅथलॉनची दोन सुवर्णपदकं घेऊन आलेला, आणि टचडाऊन कोण करतंय तर त्याचाच साथीदार अॅलेक्स अर्कासा! एक नाही, तीन. आर्मीचा कॅप्टन डेव्होर इतका भडकला की कार्लाइलच्या जो गायनच्या अंगावर गेला आणि डेव्होरलाच मैदानाबाहेर काढलं. ड्वाइट आयझेनहॉवर, पुढे प्रेसिडेंट झाला तोच, आर्मीकडून खेळत होता आणि थॉर्पला अडवता अडवता त्याची पुरती दमछाक झाली. शेवटी 27-6.

पुढच्याच आठवड्यात कार्लाइल पेनकडून (पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाकडून) 34-26 हरलं. थकले असणार, दुसरं काय, आणि हार ती हार, मी ती लपवत नाही.

थॉर्पचं पुढे काय झालं ते बहुतेकांना माहितीये. 1909-10 च्या उन्हाळ्यात थोड्या पैशांसाठी बेसबॉल खेळला होता म्हणून 1913 मध्ये त्याची पदकं काढून घेतली, आणि एकट्या विजेत्याचा मान त्याला परत मिळायला 2022 उजाडलं, तो जाऊन जवळजवळ सत्तर वर्षं झाल्यावर. त्याचा संताप सगळेच करतात, करायलाच हवा. पण मला त्याहून जास्त बोलायचं असतं ते गस वेल्चबद्दल. त्या टीमचा क्वार्टरबॅक, म्हणजे मैदानात चाली ठरवणारा खेळाडू, ओजिब्वे जमातीतला. मैदानात डोकं त्याचं चालायचं, आणि मैदानाबाहेरही तोच पुढे आला, शाळेतला गैरकारभार आणि मुलांना मिळणारी वागणूक यांची चौकशी व्हावी म्हणून त्याने अर्ज लिहिला, दोनशेहून जास्त मुलामुलींच्या सह्या गोळा केल्या. 1914 मध्ये अमेरिकन काँग्रेसची, म्हणजे तिथल्या संसदेची समिती खरंच कार्लाइलला आली, आणि ज्या वॉर्नरच्या हाताखाली तो खेळला त्याच्याविरुद्धही वेल्चने साक्ष दिली. शाळेचा सुपरिंटेंडंट फ्रीडमनला जावं लागलं, 1914 च्या सीझननंतर वॉर्नरही पिट्सबर्गला निघून गेला, आणि 1918 मध्ये शाळाच बंद झाली.