डायर, वेब, वॉकर: चादरीच्या क्रमानं इंग्रजी आडनावं

कापडाच्या कामांवरून पडलेली इंग्रजी आडनावं सोलापुरी चादर बनते त्या क्रमानं पाहू. या चादरीत रंगारी आधी येतो, कारण जकार्डवर (नक्षी विणणाऱ्या मागावर) नक्षी उठवायची तर सूत मागावर चढण्यापूर्वीच रंगलेलं हवं. म्हणून आधी डायर आणि लिस्टर, दोन्ही रंगाऱ्यांची आडनावं. जोसेफ लिस्टर हे शल्यविशारद. हाड मोडून उघडी पडलेली जखम चिघळू नये म्हणून त्यांनी 1865 साली ग्लासगोत कार्बोलिक आम्लाची पट्टी वापरली आणि 1867 साली ती पद्धत जाहीर केली.

डायरपाशी मात्र घोटाळा होतो. जालियनवाला बागेत 13 एप्रिल 1919 रोजी गोळीबाराचा हुकूम देणारा रेजिनाल्ड डायर 1927 साली आजारपणात मेला. उधमसिंगांनी 1940 साली लंडनमध्ये मारला तो मायकेल ओड्वायर, पंजाबचा माजी लेफ्टनंट गव्हर्नर. ओड्वायर हे आयरिश कुळनाव, रंगकामाशी त्याचा संबंध नाही. चार हुतात्म्यांच्या सोलापुरात तरी भाषणांतून ही गल्लत होऊ नये!

मागावर बसणारे म्हणजे वीव्हर, वेब, वेबर, वेबस्टर. कोशकार नोआ वेबस्टर (1828 चा शब्दकोश) सगळ्यांना माहीत आहेत. मॅथ्यू वेब यांनी 1875 साली 21 तास 45 मिनिटांत इंग्लिश खाडी पोहून पार केली. अंतराळ दुर्बिणीला ज्यांचं नाव आहे ते जेम्स वेब 1961 ते 1968 या काळात नासाचे प्रमुख होते.

वॉकर, फुलर आणि टकर यांना मात्र आपल्या कारखान्यांत जागाच नाही. मागावरून उतरलेलं लोकरी कापड विरळ आणि तेलकट असतं. ते हौदात शिळं मूत्र आणि मुलतानी मातीसारखी माती घालून पायांनी तुडवत. लोकरीच्या तंतूवरचे खवले एकमेकांत अडकून कापड आटतं, घट्ट होतं. मग चौकटीवर आकड्यांनी ताणून वाळवायचं, नाहीतर पन्हा कमी-जास्त होतो. आपल्या चादरीच्या सुती धाग्याला खवले नसतात, कितीही तुडवा, ते तसं घट्ट होणार नाही. या कामाचे लोक उत्तर इंग्लंडात वॉकर, आग्नेयेला फुलर, नैर्ऋत्येला टकर. घुमटाकार रचनांचे बकमिन्स्टर फुलर यातलेच. 1985 साली सापडलेल्या 60 कार्बन अणूंच्या रेणूला त्यांचं नाव मिळालं.

स्त्रियांच्या बाबतीत माहेरचं नाव तपासल्याशिवाय वंशावळ जोडू नये. केसांच्या प्रसाधनांच्या उद्योजिका मॅडम सी. जे. वॉकर जन्मानं सारा ब्रीडलव्ह. वॉकर हे नवऱ्याचं आडनाव.