एअर चेंज ४२, रिकव्हरी नापास

वाळूज एमआयडीसीतल्या एका इंजेक्शनच्या कारखान्यात आमचं वार्षिक रीक्वालिफिकेशनचं, म्हणजे स्वच्छ खोल्यांची हवा नव्यानं तपासून पास करण्याचं काम चालू होतं. खोली द्रावण तयार करायची, ग्रेड सी (ए ते डी या स्वच्छतेच्या श्रेणींपैकी तिसरी). लांबी-रुंदी २० बाय १६ फूट, उंची १० फूट, म्हणजे ३२०० घनफूट. छतात २ बाय २ फुटांचे चार एच-१४ हेपा (हवेतले बारीक कण अडवणारे फिल्टर), आणि पूर्वेच्या भिंतीच्या दोन्ही टोकांना जमिनीलगत जाळी असलेला एकेक रिटर्न रायझर, म्हणजे खोलीतली हवा परत नेणारा उभा मार्ग.

बॅलोमीटरवर (फिल्टरवर हूड लावून हवा मोजणारं यंत्र) चार हेपांची रीडिंग ५६०, ५४५, ५७० आणि ५६५ सीएफएम (मिनिटाला घनफूट) आली. बेरीज २२४०. तिला ६० नं गुणून ३२०० नं भागलं की तासाला ४२ एअर चेंज, म्हणजे खोलीची हवा तासात ४२ वेळा बदलते. कंपनीच्या प्रोटोकॉलमध्ये किमान ३० लिहिले होते, त्यामुळे क्यूएवाले (गुणवत्ता विभाग) खूश.

हा आकडा फुगतो कुठे, तेही सांगतो. बॅलोमीटर नसला की बरेच जण हेपाखाली ॲनिमोमीटर धरून पाच ठिकाणचा वेग घेतात आणि त्याला सरळ चार चौरस फुटांनी गुणतात. पण ६१० मिमीच्या फ्रेमच्या कडा सोडल्या तर हवा जायची जागा साधारण ५७० मिमीच उरते. म्हणजे हवा कागदावर जवळपास १४ टक्के जास्त दिसते. दुसरं, खोलीचं माप ड्रॉइंगवरून घेऊ नये, टेप लावावी. इथे दोन्ही नीट झालं होतं. ४२ खरेच होते.

फिल्टरची पीएओ (एका तेलाचे बारीक थेंब सोडून करायची) लीक टेस्ट ०.०१ टक्क्याच्या आत. कॉरिडॉरच्या तुलनेत दाब १५ पास्कल जास्त. खोलीचं क्षेत्रफळ ३० चौरस मीटरच्या आसपास, त्यामुळे स्वच्छ खोल्यांच्या आयएसओ १४६४४-१ या मानकाच्या तक्त्यानुसार आठ ठिकाणी कण मोजले. ०.५ मायक्रॉनला मर्यादा घनमीटरला ३,५२,००० आणि आठही ठिकाणं तिच्या कितीतरी खाली. रिकाम्या खोलीत कण सोडणारं कुणी नसतं. हवा साचलेल्या कोपऱ्यातही काउंटर स्वच्छच दाखवतो.

मग रिकव्हरी. खोलीत मुद्दाम कण सोडायचे आणि ते शंभरावा भाग व्हायला किती मिनिटं लागतात ते पाहायचं. यासाठी डीआय (क्षार काढलेल्या) पाण्याचं धुकं सोडणारा फॉगर वापरू नये. कोरड्या खोलीत थेंब वाळून जातात आणि रिकव्हरी खोटीच छान दिसते. आम्ही पीएओ एरोसोल अगदी थोडा वेळ सोडतो आणि नंतर खोली आयपीएनं (आयसोप्रोपिल अल्कोहोल) पुसून द्यायला सांगतो. कण मर्यादेच्या शंभर पट, म्हणजे ३ कोटी ५२ लाख करायला गेलं तर साधा काउंटर गुदमरतो, कारण दोन कण लेझरसमोरून एकत्र गेले की तो एकच मोजतो. अशा वेळी डायल्यूटर (नमुन्यात स्वच्छ हवा मिसळणारं उपकरण) लावावा, नाहीतर खालच्या पातळीवरून उताराचा दर काढावा. आम्ही ३५ लाखांपासून ३५ हजारांपर्यंतचा उतार धरला, दर मिनिटाला एक रीडिंग.

हवा पूर्ण मिसळत असेल तर हिशेब सोपा आहे: ४.६ ला (शंभराचा नैसर्गिक लॉग) एअर चेंजनं भागायचं, उत्तर तासांत येतं. ४२ ला साडेसहा मिनिटं येतात. खोलीच्या मधोमध आठ लागली, ते ठीकच. ईशान्येच्या कोपऱ्यात चोवीस! उलटा हिशेब केला तर त्या कोपऱ्याच्या वाट्याला तासाला साडेअकराच एअर चेंज येत होते. युरोपच्या औषधनिर्मिती नियमांच्या, म्हणजे ईयू जीएमपीच्या ॲनेक्स १ मध्ये क्लीनअपसाठी (काम संपल्यावर खोली पुन्हा स्वच्छ व्हायला) २० मिनिटांच्या आतलं मार्गदर्शक मूल्य आहे, एअर चेंजचा आकडा मात्र नाही. आपल्या जुन्या शेड्यूल एममध्ये (भारताचे औषधनिर्मितीचे नियम) ग्रेड बी आणि सी साठी किमान २० एअर चेंज लिहिले होते, पण तेही हवेचा प्रवाह चांगला असलेल्या खोलीत. ही अर्धी ओळ कुणी वाचत नाही.

मेंटेनन्सचे साहेब म्हणाले, "सर, व्हीएफडी ४२ हर्ट्झवर आहे, ४८ करू का?" व्हीएफडी म्हणजे पंख्याचा वेग बदलणारं यंत्र. हवा १४ टक्के वाढली असती, पण पंख्याची वीज वेगाच्या घनात वाढते, म्हणजे जवळजवळ दीडपट. शिवाय हवा थंड करणाऱ्या कॉइलवर हवेचा वेग सेकंदाला अडीच मीटरच्या वर गेला की पाण्याचे थेंब पुढे उडून फिल्टर ओले होतात. आणि एवढं करून कोपरा तसाच राहिला असता.

मग डीआय फॉगर आणला. धूर पाहायला तो उत्तम. आग्नेयेच्या हेपाखालचा धूर, नळाची धार सरळ मोरीत पडावी तसा, जवळच्या रायझरमध्ये गेला. ईशान्येचा धूर जमिनीवर घुटमळला, भिंतीनं वर चढला आणि परत हेपाच्या झोतात ओढला गेला. त्या रायझरच्या जाळीला स्टीलचा रॅक चिकटून उभा होता आणि तिन्ही खणांत कव्हरं, होसपाइप भरलेले. जाळीवर वेग घेतला: मोकळ्या रायझरला सेकंदाला १.८ मीटर, झाकलेल्याला ०.३.

दाब का बिघडला नाही? रॅक आल्यावर रिटर्न कमी होऊन दाब वाढला असणार, आणि कुणीतरी मोकळ्या रायझरचा डँपर (हवा कमी-जास्त करायची झडप) उघडून तो १५ वर आणून ठेवला. डँपरच्या क्वाड्रंटवरची (झडप किती उघडी ते दाखवणारी पट्टी) जुनी रंगाची खूण आणि आताची जागा जुळत नव्हती. सप्लायला धक्का लागला नव्हता म्हणून एअर चेंज बरोबर. सप्लाय आणि रिटर्नमधला फरक तेवढाच म्हणून दाबही बरोबर. हवा कुठून कुठे जाते हे या दोन आकड्यांत येतच नाही.

रॅक काढताच दाब ९ वर आला. मोकळ्या रायझरचा डँपर हळूहळू आवळत दोन्ही जाळ्यांचा वेग १.१ आणि १.० वर आणला, दाब पुन्हा १५. अर्धा तास स्थिर होऊ दिलं आणि परत रिकव्हरी घेतली: कोपऱ्यात नऊ मिनिटं, मधोमध आठ. डँपरचे नट आवळले, नवी खूण रंगवली आणि प्रोटोकॉलमध्ये रायझरच्या जाळीचा वेग हा नवा रकाना घातला.

पण रिटर्न डक्ट सामायिक. इकडे डँपर हलवला की त्याच एएचयूवरच्या (हवा गाळून, थंड करून खोल्यांना पुरवणारं यंत्र) बाकीच्या खोल्याही हलतात. शेजारचा मटेरियल एअरलॉक (सामान आत-बाहेर नेण्याची मधली खोली) ११ पास्कलवरून ८ वर आला होता आणि तिथे मर्यादा किमान १०. त्याचा डँपर लावण्यात संध्याकाळ गेली, आणि त्या एएचयूवरच्या सगळ्या खोल्यांचे दाब नव्यानं लिहून घेतल्यावरच क्यूएनं सही केली.