गोंधळी काकांची मुलाखत

आमच्या कम्युनिटी रेडिओचा ट्रान्समीटर छोटासा, आवाज जेमतेम १०-१५ किलोमीटर जातो, पण तेवढ्या टापूतले गाणारे-सांगणारे लोक दुसरीकडे कुठे ऐकायला मिळणार? २००६ पासून सामाजिक संस्थांनाही असा रेडिओ चालवता येतो हे खरंच फार चांगलं झालं.

परवा एका गोंधळी काकांकडे गेले होते. कधीपासून करताय विचारलं तर "बापामागं तुणतुणं घेऊन हुबा ऱ्हायचो" एवढंच बोलले आणि गप्प. मग मी प्रश्नांचा कागद सरळ पिशवीत ठेवला. त्यांनी संबळ पुढे ओढलं, वाद्या आवळल्या, बोटाने दोनदा टिचकी मारून बघितली आणि सुरूच झाले, तुळजापूरची भवानी, माहूरची रेणुका, जेजुरीचा खंडोबा, एकेकाला नाव घेऊन आवतन. मधेच थांबून म्हणाले, "ताई, आवतनाबिगर कथा लागत न्हाई." त्यानंतर तासभर बोलत होते, मला काही विचारावंच लागलं नाही!

रेकॉर्डिंगमधे संबळ इतकं दणदणीत आलंय की तुणतुण्याची तार पार दबलीये, पुढच्या वेळी दुसरा माइक तिथे लावणार. मधेच कोंबडा आरवलाय, तो मात्र कापणार नाहीये.