पाणी भरलेल्या टायरात सीलंट ओतलं आणि ट्रॅक्टर फडातच बसला

गळीत हंगाम सुरू झाला की आमच्या टायरच्या धंद्यात रात्र-दिवस राहत नाही, फोन कधीबी वाजतो. जानेवारीतली गोष्ट, उजाडायच्या आत फोन, राधानगरी रोडला भोगावतीच्या काठच्या एका गावातनं. ट्रॅक्टर उसाच्या फडातच बसलाय, मागं दोन ट्रॉल्या, एक भरलेली आणि दुसरी निम्मी, आणि मागच्या उजव्या चाकातनं पांढरं पाणी धार लागून गळतंय असं मालक सांगत होते. पांढरं म्हटल्यावर सीलंट, म्हणजे पंक्चर आतनं बुजवायचं औषध, ओतलंय एवढं कळलं, पण सीलंट असून असून किती असणार, त्याची धार लागत नसते, म्हणून मी गाडीत जॅक, लाकडी ठोकळे, टायर उचकटायच्या टॉम्या सगळंच घालून निघालो.

फडात पोचलो तर तोडणीची टोळी मोळ्या बांधून बसलेली, मुकादम वैतागलेला. ऊस आदल्या दिवशी तोडलेला. तुटलेला ऊस पडून राहिला की वजन घटतं, साखर उतरते, ते नुकसान शेवटी शेतकऱ्याच्याच अंगावर येतं, त्यामुळं मालकाचा जीव वर-खाली होत होता. सगळीकडं बुडखी. कोयत्यानं ऊस जमिनीलगत तोडला की राहतं ते बुडखं तिरकं कापलेलं असतं, आणि चार दिवस वाळलं की असलं कडक होतं की टायरातनं आरपार जातं. बांधावरचे बाभळीचे काटे वेगळेच.

"दुकानदार म्हणाला हे घातलं की पंक्चरचा इषयच संपला," मालक म्हणाले.

मी विचारलं, "मालक, ह्या चाकात पाणी हाय न्हवं?"

"व्हय की, गेल्या साली भरलंय. भरलेली ट्रॉली वढताना चाक स्लीप मारायचं."

झालं, इथंच सगळं कळलं.

बऱ्याच जणांना माहीत नसतं म्हणून सांगतो, ऊस वाहतुकीच्या ट्रॅक्टरला मागच्या टायरात पाणी भरतात ते वजनासाठी, वजन वाढलं की चाकाची पकड वाढते. वॉल्व्ह वरच्या बाजूला ठेवायचा आणि वॉल्व्हच्या पातळीपर्यंत पाणी घ्यायचं, म्हणजे साधारण ७५ टक्के टायर पाण्यानं भरतो आणि वर हवा राहते. १३.६-२८ मापाच्या टायरात दीडशे लिटरच्या आसपास पाणी बसतं. आता सीलंट म्हणजे काय, तर घट्टसर द्रव आणि त्यात बारीक तंतू नि रबराचे कण, चाक फिरलं की त्याचा थर आत सगळीकडं बसतो, भोक पडलं की हवेचा दाब तो थर भोकात ढकलतो आणि मोरीच्या जाळीत केसांचा बोळा अडकावा तसे ते तंतू भोकात अडकून बसतात. तेच सीलंट दीडशे लिटर पाण्यात ओतलं तर थर कुठला बसणार, नुसतं पांढरं पाणी होणार. विकणाऱ्यानं एका शब्दानं विचारायला पाहिजे होतं की मागं पाणी हाय का, तेवढं विचारलं असतं तर मालकाचे पैसेबी वाचले असते आणि टायरबी वेळेत उतरला असता. ह्याचा मला खरंच राग येतो.

मग कामाला लागलो. ट्रॉल्या सोडवल्या, पुढच्या चाकांना दगड लावले, काळी माती मऊ म्हणून जॅकखाली ठोकळे आडवे घातले. आत उरलेलं पाणी सरीत सोडायला ड्रायव्हर निघाला होता, मी थांबवलं. काही सीलंटमध्ये इथिलीन ग्लायकॉल असतं, चवीला गोडसर आणि जनावराला विषारी, आणि त्या डब्यावर आत काय आहे ते धड लिहिलेलं नव्हतं. टोळीची पोरं तिथंच खेळत होती, कुत्री फिरत होती. बॅरल मागवून त्यात काढलं आणि झाकून ठेवायला सांगितलं.

टायर उघडल्यावर बघितलं तर दोन लगांच्या, म्हणजे टायरवरच्या जाड उंचवट्यांच्या मधे, जिथं रबर पातळ असतं, तिथं बुडख्याचा बोटाएवढा तुकडा आत मोडून बसलेला. त्याचं टोक ट्यूबला घासून घासून चांगली लांब चीर पडलेली. ही चीर बिनपाण्याच्या टायरात असती तरी सीलंटनं धरली नसती, ते काट्याच्या, खिळ्याच्या भोकाला असतं, फाटलेल्याला नाही. ट्यूबचं दुखणं तेच आहे, पातळ असते, आत हलते, भोक वाढत जातं. ट्यूबलेसला सीलंट जास्त चांगलं काम करतं, पण तिथंबी फक्त जमिनीला टेकणाऱ्या भागात, साईडवॉलला नाही.

टायरच्या आतनं फडकं फिरवलं, कुठं टोक असलं तर फडकं अडकतं. अजून एक काटा सापडला. ट्यूब धुवून, वाळवून, घासून सोल्युशन लावलं, ते सुकू दिलं मगच पॅच. सीलंटचा ओशटपणा राहिला तर पॅच उचलतो, म्हणून इथं घाई करायची नाही, मुकादम कितीबी ओरडू दे. टायरला आतनं गेटर, म्हणजे जाड ठिगळ, लावला.

तेवढ्यात मालक म्हणाले, "म्हंजे हे औषध फसवणूकच म्हणायचं."

मी म्हटलं, नाही, पुढच्या चाकाकडं या. पुढच्या चाकांत पाणी नव्हतं, सीलंट तिथंबी घातलेलं. डाव्या चाकात बाभळीचा काटा बुडापर्यंत गेलेला, तो पकडीनं सगळ्यांसमोर उपसला. सूऽऽ आवाज आला, भोकाशी पांढरा थेंब फुगला, बुडबुडे यायला लागले, पोरं हसायला लागली. चाक फिरवून भोक खाली घेतलं, थोडं थांबलो, परत वर आणलं. थेंब तिथंच चिकटलेला, बुडबुडा बंद. गेजनं बघितलं तर हवा थोडीशीच उतरलेली, ती परत ३० पीएसआयला नेली. गेज लावायच्या आधी वॉल्व्ह वर घेऊन पुसायचा, नाहीतर सीलंट गेजमध्ये जाऊन गेज खराब. आणि काटा उपसायलाच पाहिजे, आत राहिला तर ट्यूब कुरतडत राहतो.

मग मालकांना हुरूप आला, म्हणाले ट्रॉलीच्या टायरातबी घाल. मागच्या ट्रॉलीचा एक टायर साईडनं कापलेला, आतले धागे दिसत होते. त्यात घालायला मी चक्क नाही म्हटलं. हवा टिकेल हो, पण टायरची ताकद गेलीय, आणि रोडला उसाच्या लोडखाली तो फुटला तर शेजारनं चाललेल्या मोटरसायकलवाल्याचं काय? मालक गप्प झाले, मग म्हणाले, "ऱ्हाऊ दे, नवा बघतो."

शेतातली मोटर चालू करून मागच्या चाकात साधं पाणी भरून दिलं. एकच भरलेली ट्रॉली जोडून ट्रॅक्टर कारखान्याकडं गेला, दुसरी फडातच ठेवली. निघायच्या आधी मागच्या दोन्ही रिमवर ऑइल पेंटनं "आत पाणी आहे" असं मोठ्या अक्षरात लिहिलं, आता पाणी भरलेलं कुठलंबी चाक आमच्याकडं आलं की ते लिहूनच बाहेर जातं.